तपासणीची तयारी

ऋतिकाची तपासणी पुन्हा रद्द झाली, तेव्हा दत्ताराम आबांना मनातून बरंच वाटलं. पोरीचे वार अजून कच्चे होते. शुक्रवारपाशी ती हटकून अडायची.

ऋतिका त्यांची नात. वय एकोणीस, समज पाच-सहा वर्षांच्या पोरीची. सरकारी इस्पितळात तपासून किमान चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला मिळाला, की तिचं अनुदान सुरू होणार होतं आणि घाटकोपरला अशा मुलांच्या कार्यशाळेत तिला दिवसभर बसायला जागा मिळणार होती. मुलगा सिद्धेश वारला, सून प्रेमा सकाळीच कामावर जायची. आबांनंतर दिवसभर पोरीकडे कोण बघणार, हा प्रश्न वाकोल्याच्या त्या खोलीत कुणी मोठ्याने विचारत नसे.

आधी डॉक्टर रजेवर होते, मग सर्व्हर बंद होता. या खेपेला खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "बुद्धीची तपासणी करणाऱ्या मॅडमची बदली झाली. कळवू तुम्हाला."

रिक्षात प्रेमाने डोळे पुसले. आबा मात्र नातीला म्हणाले, "काय गो बाय, मॅडम पळाली तुला घाबरून. आता फुल तयारी करू."

त्यांच्या गावच्या घरी पाहुणे आले की पोरांना ओळीने उभं करून पाढे म्हणायला लावत. पोर अडलं की घरच्यांची मान खाली जाई. डॉक्टरांसमोर आपली पोर बावळट दिसता कामा नये, एवढंच आबांच्या डोक्यात होतं. रोज दुपारी जेवणं झाली की ते तिला समोर बसवत. टोमॅटो हातात देऊन "लाल" म्हणत आणि ती म्हणेपर्यंत थांबत. वार त्यांनी चालीत बसवले. पत्ता तर पिनकोडासकट पाठ करून घेतला. कधी आवाज चढवला नाही.

अखेर बोलावणं आलं. टेबलामागे एक तरुण डॉक्टर घाईत बसले होते.

"नाव काय तुझं?"

"ऋतिका सिद्धेश परब."

"राहतेस कुठे?"

तिने पत्ता सांगितला, पिनकोडासकट. समोरच्या फाईलचा रंग सांगितला. वार म्हणताना आबांचे ओठही तिच्याबरोबर हलत होते. शुक्रवार सुटला नाही. आबांची छाती फुगली.

"अरे वा, हुशार आहे की," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी तीस टक्के लिहिले.

प्रेमा टेबलाला खेटून उभी राहिली. "साहेब, तिला अजून आंघोळ मी घालते. एकटी सोडली तर गॅस चालू करून ठेवते. आज कुठला वार, ते विचारा ना तिला."

"ताई, मी विचारलं, तिने सांगितलं. बाहेर लाईन बघा किती आहे."

आबांनी हळूच विचारलं, "डॉक्टर, तुम्ही कशाचे डॉक्टर?"

"हाडांचा." त्यांनी मान वर केली नाही. "मॅडमची जागा अजून भरलेली नाही. पटत नसेल तर अपील करा, फेरतपासणी होईल."

इस्पितळाच्या पायऱ्यांवर आबा मटकन बसले. "मीच वाट लावली गो तिची."

"तुम्ही कशाला लावाल?" प्रेमा म्हणाली. मग त्यांच्याकडे न बघता तिने सांगितलं, "अपील करू या. पण तोवर तिला काही शिकवू नका, आबा. आहे तेसुद्धा विसरू दे."

दुसऱ्या दिवशी प्रेमा कामावर गेली. दुपारी ताटं उचलल्यावर ऋतिका रोजच्यासारखी येऊन आबांच्या समोर बसली. आबांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला.

"ऋतिका सिद्धेश परब," ती म्हणाली आणि थांबली.

पेपर हलला नाही.

तिने मग पत्ता सांगितला. पिनकोडात एक आकडा चुकला. आबांच्या ओठांपर्यंत बरोबर आकडा आला, तो त्यांनी गिळला. विसरायला लागली तर बरंच आहे, असं ते स्वतःला बजावत राहिले, आणि पेपरातली अक्षरं त्यांना दिसेनाशी झाली.

आपलं काहीतरी चुकलं, एवढं ऋतिकाला कळलं. तिने पेपराची कड बोटाने खाली ओढली आणि आबांच्या तोंडाकडे बघत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, जरा मोठ्याने.