तिसरी शिवण

कळंबला माझ्याकडे ब्लाऊज शिवून घ्यायला येणाऱ्या बायका पूर्वी सोबत मापाचं ब्लाऊज आणायच्या. म्हणजे अंगाला नीट बसणारं एखादं जुनं. त्यावरून मी नवं बेतायची. आता त्या आल्या आल्या ‘एक्सेल’, ‘डबल एक्सेल’ असं सांगतात, जसं काही ते त्यांचं आडनावच आहे. माझं डोकं फिरतं. एकाच बाईला आठवडी बाजारातली कुर्ती डबल एक्सेल लागते आणि यवतमाळच्या मोठ्या दुकानातली मिडियम होते. मग ती बाई वजन उतरलं म्हणून आनंदानं शेजारणीला सांगत सुटते. अगं, तू आहेस तेवढीच आहेस, गळ्यामागची चिठ्ठी तेवढी बदलली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

हे सगळं मला कळत होतं. पस्तीस वर्षं गळ्यात टेप घालून बसलेल्या बाईला कळणारच. तरी माझ्या एकुलत्या एक लेकीला, दीपाला, मी फोनवर साईज विचारून रेडीमेड कुर्त्या घेत होते. माझे गुडघे दुखतात, मशीन पायानं चालवायची, आणि पोरींना रेडीमेडच आवडतं, ही माझी कारणं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दीपाचं सासर नेरला. जावई अतुल, त्याचं बसस्टँडसमोर नाश्त्याचं हॉटेल. घरात तो, दीपा आणि त्याची आई रुखमाबाई, एवढीच माणसं. भाऊबीजेला दीपा माझ्याकडे येऊन गेली, त्यानंतर आमची भेट फोनवरच. फेब्रुवारीत तिच्या नणंदेच्या बाळाचं नामकरण होतं, म्हणून मी दोन दिवस आधीच जायचं ठरवलं आणि निघायच्या आदल्या दिवशी फोन केला.

“कुर्ती घेऊन येऊन राह्यली तुझ्यासाठी. साईज तेच ना?”

“हो आई, एक्सेलच.”

आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा वाटला. मी रेंजला शिव्या दिल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी नेरला पोचले. दार दीपानं उघडलं. गाल बसलेले, डोळ्यांखाली काळं. मी चपला काढता काढताच सुरू झाले, “काय व, उन्हात फिरून राह्यली काय? केवढी काळवंडली!” ती हसली, माझी पिशवी घेतली आणि स्वयंपाकघरात गेली. मी पाठीमागून पाहिलं. अंगातली कुर्ती नीट बसलेली होती. खांद्यावर नीट, कमरेत नीट. कपडा बसला की माणूस ठीक दिसतं. आमच्या धंद्याची सगळी करामत तीच, आणि मीच तिला फसले.

“खाण्यापिण्याची काही कमी नाही बरं ईनबाई,” रुखमाबाई लगेच म्हणाल्या. मी काही विचारलं नव्हतं. “दोन-दोन प्लेटा खाते तुमची पोरगी. तरी तोंड पाहा कसं झालं! दिवसभर मोबाईल पाह्यते, झोप नाही, दुसरं काय?”

थोड्या वेळानं अतुलनं हॉटेलातून सगळ्यांसाठी नाश्ता आणला. तेच हॉटेल त्याचे वडील चालवायचे तेव्हा एक आलूबोंडा खाल्ला की दुपारपर्यंत भूक लागत नसे, आणि पोह्यांवर दुसऱ्यांदा तर्री मागितली तर कोणी तोंड वाकडं करत नसे. आता आलूबोंडा लिंबाएवढा. पोहे तीन चमचे, आणि ते दिसू नयेत म्हणून वर शेवेचा ढीग.

“जावई, हे प्लेट आहे का वानवळा?” मी म्हटलं.

अतुल खळखळून हसला. “आई, प्लेट म्हणजे प्लेट. लोकं नाव पाह्यतात, पोट कोण पाह्यते?”

दीपानं दोन प्लेटा संपवल्या. अतुलच्या प्लेटमधला उरलेला आलूबोंडाही उचलला. मग तांब्या तोंडाला लावला आणि सगळं पाणी घटाघटा प्यायली. पाच मिनिटांनी पुन्हा तांब्या. “सारखी तहान लागते तिले,” रुखमाबाई कौतुकानं म्हणाल्या, “म्हणून मी ग्लुकोज कालवून देतो. ताकद राह्यली पाह्यजे ना.” मला ते बरं वाटलं. सासू इतकं करते म्हणजे लेक सुखात आहे. मी पण डबा उघडला आणि गुळाचे दोन लाडू तिच्या पुढ्यात ठेवले. तिनं तेही खाल्ले.

नवी कुर्ती मी तिला दिली. “घालून दाखव.”

“नंतर घालतो आई.”

तीनदा सांगितलं, तीनदा हेच उत्तर. मला राग आला. एवढ्या हौसेनं आणावं आणि पोरीनं घडीही मोडू नये! मी तोंड फुगवून बसले.

जेवण झाल्यावर दीपाला दोनदा उलटी झाली. “पित्त आहे,” रुखमाबाई म्हणाल्या. दीपा आत जाऊन पडली. तीनच्या सुमाराला, वाळलेले कपडे तरी काढावेत म्हणून मी मागच्या अंगणात गेले. दोरीवर मी दिवाळीत दिलेली जांभळी कुर्ती उलटी करून वाळत घातलेली होती. मी ती ओढली आणि हाताला जाडसर काही लागलं.

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला आम्ही माया म्हणतो. पुढे अंग भरलं तर कामी येते. रेडीमेडवाले कापड वाचवतात, त्यांच्या कपड्यात माया बोटभरही नसते. इथं एकेका बाजूला दोन-दोन इंच होती. मी कुर्ती उजेडात धरली. कंपनीच्या शिवणीच्या आत एक टीप, तिच्या आत दुसरी, आणि तिच्याही आत तिसरी. ही तिसरी मशीनची नव्हती, हातानं घातलेली होती, वाकडीतिकडी. पिशवीत टेप असतोच. काखेत लावून पाहिला. दिवाळीला चाळीस इंच असलेली कुर्ती बत्तीस झाली होती. गळ्यामागच्या चिठ्ठीवर एक्सेल होतंच.

आठ इंच! माझी पोर आठ इंच कमी झाली आणि मी तिच्यावर रुसून बसले होते.

कुर्ती घेऊन मी रुखमाबाईंसमोर उभी राहिले. “हे काय आहे ईनबाई?”

त्यांनी पदर तोंडाला लावला. “कपडे अंगावर लोंबाले लागले हो तिचे. लोकं काय म्हणतीन? सुनेले उपाशी मारते म्हणतीन. आता तं कार्यक्रमात सारा गोतावळा येणार. मीच म्हटलं, बाई, तुले शिवता येते तं टीप मारून घे.”

“आन् दवाखान्यात कायले नेलं नाही?”

“खाते तं दोन माणसाचं! खाणाऱ्या माणसाले काय बिमारी असते? आन् एक्सेलच घालते म्हटलं अजून.”

त्या खोटं बोलत नव्हत्या, याचीच तर आग होत होती. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मी आत धावले. दीपा उताणी पडली होती आणि मैलभर पळून आल्यासारखा श्वास घेत होती. तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास. “दीपा! ए दीपा!” तिनं डोळे अर्धे उघडले आणि पुन्हा मिटले. मी अतुलला फोन लावला.

“आई, गिऱ्हाईक आहे. संध्याकाळी नेतो ना. तोवर पित्ताची गोळी द्या.”

“अतुलराव, आत्ताच्या आत्ता या. नाहीतर मी तुमच्या हॉटेलासमोर येऊन बोंब मारतो, माही पोरगी मरून राह्यली म्हणून!”

जावयाशी मी आयुष्यात अशी बोलले नव्हते. तो दहा मिनिटांत भाजी आणायची माल-ऑटो घेऊन आला. कांद्याच्या रिकाम्या पोत्यांवर आम्ही दीपाला निजवलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि त्या डोक्याला काही वजनच लागत नव्हतं.

नेरच्या दवाखान्यात नर्सनं विचारलं, “वजन किती?”

“पासष्ट,” अतुल म्हणाला.

दोघींनी दोन्हीकडून धरून तिला काट्यावर उभी केली. एक्केचाळीस.

“काटा खराब आहे तुमचा,” अतुल चिडला. “माह्या बायकोले एक्सेल लागते! दोन प्लेटा खाते ती!”

आम्ही दीपाला खाटेवर घेतलं, तेवढ्यात अतुल स्वतः काट्यावर चढला. खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. काटा बरोबर होता.

बोटातून रक्त काढून साखर पाहिली. मशीननं आकडा दाखवलाच नाही, नुसतं ‘हाय’ लिहून आलं. डॉक्टर म्हणाले, “ही मशीन सहाशेच्या वर मोजत नाही. यवतमाळला न्या. चहा प्यायलासुद्धा थांबू नका.” सलाईन लावून अँब्युलन्समध्ये घातलं. साखर! मी दिलेले गुळाचे लाडू मला आठवले. रस्ताभर मी तिचा तळवा चोळत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, मला ने, तिला नको. कोणाला म्हणत होते कुणास ठाऊक. आमच्या घरात नवस बोलायची रीत नाही, पण त्या अर्ध्या-पाऊण तासात मी कोणाच्याही पाया पडले असते.

यवतमाळला तिला थेट आत नेलं. एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली, कागद घेऊन. “वजन कधीपासून उतरतंय?”

अतुल माझ्याकडे पाहायला लागला. रोज एका घरात राहणारा नवरा, पण त्याला सांगता येईना. माझ्या काखेत अजून ती कुर्ती होती. कधी दाबून आणली ते मलाही कळलं नव्हतं. मी ती उलटी केली.

“पाहा बाई, ही पहिली टीप जांभळ्या दोऱ्याची आहे. दिवाळीत मी कुर्तीसंगं तोच रीळ दिला होता. सरळ टीप आहे, हातापायात जोर होता. दुसरी पांढरी. पांढरा रीळ मी जानेवारीत पाठवला, म्हणजे ती त्यानंतरची. आन् ही हातानं घातली. घरात मशीन असून हातानं घातली, म्हणजे पायात मशीन चालवायची ताकद नव्हती. दोरा नवा आहे, धुण्यानं उडाला नाही. ही आठ-दहा दिवसांतली.”

डॉक्टरीण ऐकत राहिली आणि सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, पोरीच्या शरीरात इन्सुलिन बनणंच बंद झालंय. ती खायची ते अंगी लागतच नव्हतं, म्हणून भूक, म्हणून तहान. आता रक्तात आम्ल झालंय. दोन दिवस काही सांगता येणार नाही.

ते दोन दिवस मी कसे काढले ते मला सांगता येत नाही. आत नळ्या, बाहेर आम्ही. रुखमाबाई आल्या आणि माझ्यापासून चार हात लांब भिंतीला टेकून बसल्या. मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्यांनी आणलेली चपातीही खाल्ली नाही. अतुल जिन्याच्या पायरीवर डोकं धरून बसायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्याजवळ आला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

“आई, मीच साऱ्यायले सांगत होतो, दोन प्लेटा खाते म्हणून. माही प्लेट केवढी आहे, हे मलेच तं मालूम होतं ना.”

मी त्याला शिव्या देणार होते, तोंडात तयारही होत्या. पण कुठल्या तोंडानं देणार होते?

तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं हाक मारली, “दीपाची आई कोण?” मी उठले तेव्हा पायात चप्पल नव्हती. आत गेले. दीपाचे डोळे उघडे होते. ओठ फाटलेले, पण डोळे तिचे होते, मला ओळखणारे. नर्स म्हणाली, धोका टळला, आता इंजेक्शन मात्र रोज घ्यावं लागेल, जन्मभर. जन्मभर हा शब्द मला त्या क्षणी इतका गोड लागला की मी नर्सचेच हात धरले.

मग दीपाजवळ बसले. विचारायचं नव्हतं, पण राहवलं नाही. “काहून सांगतलं नाही व माय? एक डाव फोन करून सांगतलं असतं.”

तिला बोलायला वेळ लागला.

“फोनवर काय सांगू, आई? भूक लागते, खातो आन् सुकून राह्यली? मलेच समजत नव्हतं. तू येणार म्हटलं तं बरं वाटलं मले. म्हटलं, माही आई टेलर आहे, सांगाचं कामच नाही. ती मले जवळ घेईन, हात लागला का तिले समजूनच जाईन.”

एवढं बोलून ती दमली आणि तिनं डोळे मिटले.

मी तिच्या घरी पोचले होते सकाळी दहाला. हात लावला दुपारी तीनला, आणि तोही दोरीवरच्या कुर्तीला.