बाबांनी अंग धरलं

"बघा, नीट बघा! आजारातून उठला तेव्हा या माणसाची काडी झाली होती. आणि आता?"

शक्तीच्या वड्या विकणाऱ्या वडीमहाराजांनी व्यासपीठावर बसलेल्या म्हाताऱ्याचा गाल चिमटीत धरून भरलेल्या सभागृहाला दाखवला. गाल खरोखरच गुबगुबीत होता. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"एका वडीत शंभर अंड्यांची ताकद! विश्वाचं प्रोटीन! फक्त पथ्य पाळा. डाळ, दूध, अंडी, मांस बंद. जड अन्नानं वडीचं तेज मरतं!"

विश्वाचं प्रोटीन म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर महाराजांची पंचाईतच झाली असती.

टाळ्या वाजवणाऱ्यांत म्हाताऱ्याची मुलगीही होती. ती एका दुकानात कपडे सैल करून द्यायची, आत घेऊन द्यायची. न्यूमोनियातून उठलेल्या बाबांना वडी सुरू करायचं तिनंच ठरवलं होतं. आता शेजारीपाजारी म्हणायचे, "अंग धरलं हो बाबांनी!" आणि तिला भरून यायचं.

पण बाबांचे पाय बुटांत मावेनात, आणि शर्टाच्या बाह्या मात्र लोंबायला लागल्या. बाह्या आत घेण्यासाठी तिनं त्यांच्या दंडाला टेप लावली आणि ती चरकली. दंड पार आटला होता.

"बाबा, पाय जाड आणि दंड बारीक? असं कसं अंग भरतंय तुमचं?"

"तुझी टेप जुनी झालीय," बाबा हसले. एवढ्या हसण्यानंही त्यांना धाप लागली. ती त्यांना घेऊन थेट दवाखान्यात गेली.

डॉक्टरबाईंनी हृदय, मूत्रपिंड, यकृत, सगळं तपासून घेतलं; तिथे बिघाड नव्हता. मग बाबांच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खळगा तसाच राहिला.

"हे मांस नाही, पाणी आहे. रक्तातलं प्रोटीन पाण्याला नसांमध्ये धरून ठेवतं. ते कमी पडलं की पाणी झिरपतं आणि अंग सुजतं. बाहेरून प्रोटीन मिळेना, म्हणून शरीरानं दंडाचं मांस खाल्लं. तेच चालू राहिलं असतं तर बाबा हाती लागले नसते."

त्यांनी मुलीनं सोबत आणलेल्या वडीवर आयोडीनचा थेंब टाकला. तो काळानिळा झाला. "पीठ भरलंय यात. पिठावर दंड बनत नाहीत."

"मीच बंद केली हो त्यांची अंडी," मुलीला रडू फुटलं.

"रडू नका, खायला घाला. जेवणात डाळ, दही. मधल्या वेळेला बिस्किटं नकोत, उकडलेलं अंडं द्या, मूठभर शेंगदाणे द्या."

घरी आल्यावर बाबा खुर्चीत टेकले. मग म्हणाले, "उद्या सभा आहे. लोक मला बघायला येतात गं. जन्मभर नळ दुरुस्त केले, कुणी एकदा टाळी वाजवली नाही."

तिनं त्यांच्यापुढे उकडलेलं अंडं ठेवलं. "मीही येते," ती म्हणाली.

सभेत महाराजांनी पुन्हा गालाला हात घातला. बाबांनी तो हात बाजूला सारला, वाकून मोजा खाली ओढला आणि नडगीवर अंगठा दाबून उचलला.

"बघा, खळगा पडलाय."

"हा तर शक्तीचा ठसा!" महाराज ओरडले.

"शक्ती असती तर बुजला असता," बाबा म्हणाले. "हे पाणी आहे. तुमच्या पथ्यानं साचलंय."

सभागृहात कुणीतरी "खाली बसा!" म्हणून खेकसलं. टाळी वाजवली ती मुलीनं, एकटीनंच. बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि मान डोलावली.

पुढच्या रांगेत एक बाई आपल्या गुबगुबीत नवऱ्याला घेऊन बसली होती. मांडीवर वड्यांचा डबा होता. ती हळूच वाकली, नवऱ्याच्या पायावर अंगठा दाबून उचलला, खळगा तसाच राहिलेला पाहिला आणि डबा मांडीवरून खाली ठेवला.

तुम्हीही बघा. कुणी आपल्या माणसाचा गाल धरून चमत्कार दाखवत असेल, तर टाळी वाजवण्याआधी पथ्यानंतर त्याच्या ताटात काय उरलंय ते बघा.