वासाचा पंचनामा

"जगात माणसं दोनच प्रकारची असतात. एक, ज्यांना वास येतो. आणि दुसरी, ज्यांचा वास येतो," निशिकांतराव परसात मधोमध उभे राहून, बोट आभाळाकडे रोखून म्हणाले. "चौतीस वर्षं महापालिकेत स्वच्छता निरीक्षक होतो मी. पहिल्या प्रकारातला माझ्याइतका अस्सल माणूस या देशात..."

पुढचं शिंकेत गेलं. एक, दोन आणि थोडं थांबून तिसरी.

"बाबा, सर्दी झालीय ना तुम्हाला?" सुनेने, वल्लरीने, स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं.

"डावी नाकपुडी बंद आहे. उजवी चालू आहे. तुमच्या या अख्ख्या सिंगापूरला माझी एक पुरे."

वास मात्र खरा होता. बुओना व्हिस्टातल्या काँडो सोसायटीत तळमजल्याचा फ्लॅट घेतला की मागे डझनभर खुर्च्या मावतील एवढं परस मिळतं, आणि त्या डझनभर खुर्च्यांसाठी माणूस महिन्याला भरपूर जास्त भाडं भरतो. त्याच परसात बुधवारपासून असा वास होता की चहा घेऊन बाहेर गेलेला माणूस चहासकट आत येत होता.

आणि शनिवारी संध्याकाळी वल्लरीकडे आठ माणसं जेवायला यायची होती. वन-नॉर्थच्या प्रयोगशाळेत तिला नुकतंच गटप्रमुख केलं होतं. साहेबीणबाई पहिल्यांदाच घरी येणार होत्या, आणि परसात दिव्यांच्या माळा लावून बसायचं असं त्यांना मोठ्या हौसेने आधीच कळवून झालं होतं.

"शनिवारी दुपारपर्यंत वास गेला नाही, तर मी सगळ्यांना हॉकर सेंटरमधल्या टपऱ्यांवर नेणार," वल्लरी म्हणाली.

"प्लास्टिकच्या स्टुलावर? साहेबाला?" निशिकांतराव हसले. त्यांच्या हसण्यात करुणेचा लवलेश नव्हता. "मी शोधून देतो. नाही दिला, तर या घरात पुन्हा तोंड उघडणार नाही."

लॅपटॉपमागून मुलाने, प्रबोधने, मान वर काढली. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याला घरातल्या विषयात रस वाटला होता.

"बाबा, हे लेखी द्याल?"

"दिलं समज."

निशिकांतरावांना आपल्या मुलाबद्दल काय वाटे ते ते कधी लपवत नसत. जो माणूस पंख्याचं बटण दाबायलाही मोबाइल काढतो, त्याच्याकडून कुणी कसली अपेक्षा धरायची? सुनेबद्दल मत जरा बरं होतं, पण गेल्या रविवारी तेही उतरलं होतं. शनिवारच्या जेवणाला केटररकडून पनीर आणि बिर्याणी मागवल्याचं तिने सांगितलं. डाळिंब्यांची उसळ करावी, आपण पुण्याहून मुद्दाम दोन किलो कडवे वाल आणले आहेत, असं त्यांनी सुचवलं.

"बाबा, ते सोलत कोण बसणार? आणि मोड कुठून येणार? घरात चोवीस तास एसी."

"जिथे मोडसुद्धा येत नाहीत त्याला घर म्हणायचं!" असं म्हणून निशिकांतराव आपल्या खोलीत निघून गेले होते. तिथे विषय संपला असं सगळ्यांना वाटलं. सोमवारी ते जुरोंग ईस्टला, लेकीकडे राहायला आलेल्या मनोहर नावाच्या जुन्या मित्राकडे, रमी खेळायला गेले. दोन दिवस हरले, आणि बुधवारी सर्दी घेऊन परत आले. परतल्यावर हा वास.

तपास त्यांनी पद्धतशीर केला. वहीत रकाने आखले: वार, वेळ, वाऱ्याची दिशा, वासाचा दर्जा. 'दर्जा' या रकान्यात 'साधा', 'तीव्र' आणि 'अमानुष' अशा तीन पायऱ्या होत्या. भर दुपारच्या नोंदी प्रबोधला विचारून भरल्या होत्या. शुक्रवार संध्याकाळपर्यंत त्यांच्या लक्षात आलं की दुपारी एक ते तीन वास अमानुष असतो आणि एरवी साधा.

"वास घड्याळ लावून येतो," त्यांनी जाहीर केलं. "म्हणजे उंदीर मेलेला नाही. मेलेला उंदीर वेळ पाळत नाही. हे माणसाचं काम आहे. दुपारी स्वयंपाक करणाऱ्या माणसाचं."

आणि दुपारी स्वयंपाक करणारा माणूस कुंपणापलीकडे राहत होता. मिस्टर गोह. निवृत्त शाळामास्तर, एकटे, पांढऱ्या गंजीफ्रॉकात झाडांना पाणी घालणारे, दिसले की हात हलवणारे. दिसले की हात हलवणारा माणूस निशिकांतरावांच्या अनुभवात कधी निर्दोष निघाला नव्हता.

"सुकी मासळी," ते म्हणाले. "किंवा ते उग्र वासाचं फळ, ड्युरियन. किंवा ड्युरियनमध्ये मुरवलेली सुकी मासळी. या लोकांचं काही सांगता येत नाही."

"बाबा, त्यांना मी शनिवारचं बोलावलंय," वल्लरी म्हणाली.

"कुणाला?"

"गोह अंकलना."

"आरोपीला जेवायला! मग पंचनामा पानावरच करू या ना. चटणीच्या जागी."

त्यांनी व्यवस्थापनाला तीन पानी इंग्रजी तक्रार लिहिली. सोबत परसाचा नकाशा जोडला. त्यात गोह यांचं स्वयंपाकघर लाल शाईने रंगवलं होतं, आणि स्वतःच्या खोलीचा भाग, निष्पक्षपातीपणा म्हणून, कोरा ठेवला होता. रोज दुपारी मात्र वही मिटून ते आपल्या खोलीत जात. एसीच्या नादी लागून ही पिढी वाया गेली, असं जेवताना सुनावून मग एक ते तीन बावीसवर एसी लावून झोपायचं, हा त्यांचा इथला नित्यक्रम होता.

शनिवारी सकाळी साडेअकराला व्यवस्थापनाचा माणूस आला. सेल्वम नाव, हातात टॅबलेट, चेहऱ्यावर असल्या नकाशांची सवय. निशिकांतराव इस्त्रीचा शर्ट घालून, वही काखेत मारून तयार होते. पुढचं सगळं इंग्रजीत झालं, आणि निशिकांतरावांच्या इंग्रजीत झालं, त्यामुळे वेळ लागला.

त्यांनी कुंपणाशी जाऊन खाकरून हाक मारली. मिस्टर गोह आले, हात हलवला, आणि तक्रार ऐकून स्वतःहून फाटक उघडलं. परसात ऑर्किडच्या सहा कुंड्या होत्या, एक खुर्ची होती, आणि खुर्चीवर धूळ होती. मासळीचं खवलंसुद्धा नव्हतं.

"मी दुपारी स्वयंपाक करत नाही," गोह म्हणाले. "नूडल सूप बाहेर जाऊन खातो. आणि चार दिवस इथे बसलोच नाही. वासामुळे."

"मग तुम्ही तक्रार का नाही केली?" सेल्वमने विचारलं.

गोह संकोचले. "मला वाटलं, यांचं काही धार्मिक असेल. प्रार्थनेचं. शेजाऱ्याच्या देवात आपण कशाला पडा?"

वल्लरीने ओठ आत दाबले. प्रबोध आज लॅपटॉप आतच ठेवून आला होता. तो एक शब्दही चुकू न देता ऐकत होता.

"पण एक सांगू?" गोह म्हणाले. "तुमच्या त्या कोपऱ्यातलं एसीचं यंत्र घरघरायला लागलं, की वास येतो."

"अशक्य," निशिकांतराव म्हणाले. "ते माझ्या खोलीचं आहे."

सेल्वमने प्रबोधला एसी लावायला सांगितलं. भिंतीला टेकलेलं यंत्र घरघरलं, गरम हवा सुटली, आणि क्षणात सहा कुंड्यांसकट सगळे दोन पावलं मागे सरकल्यासारखे झाले. सेल्वमने नाकावर रुमाल धरला, कुंपणाच्या अलीकडे येऊन यंत्रामागच्या फटीत हात घातला, आणि दोन बोटांत धरून एक पुरचुंडी बाहेर काढली. जांभळ्या काठाच्या जुन्या पातळाचं फडकं, वर घट्ट सुरगाठ. खालून काळपट काहीतरी ठिबकत होतं.

वल्लरी जवळ गेली. "हे आईंच्या पातळाचं फडकं," ती हळू म्हणाली. तिच्या सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांच्यामागे मटकी असो की मूग, निशिकांतराव दुसऱ्या कशात बांधत नसत.

मग तिला आठवलं. "बाबा. रविवार. वाल."

निशिकांतरावांनाही आठवलं. घरात मोड येत नाहीत म्हणून, रात्री भिजवलेले वाल फडक्यात बांधून, ऊब शोधत ते सोमवारी दुपारी झोपून उठल्यावर बाहेर आले होते. यंत्रामागे हात लावून पाहिला, तर अगदी चुलीजवळची ऊब. सुनेला तोंडघशी पाडायची इतकी सुरेख जागा मिळाल्याच्या आनंदात ते मनोहरकडे निघून गेले, आणि रमीत हरता हरता वाल डोक्यातून गेले.

"काय आहे हे?" सेल्वमने टॅबलेटवर बोट तयार ठेवून विचारलं.

निशिकांतरावांनी वही उघडली. मिटली. चौतीस वर्षांत त्यांनी भजीवाले, खाटीक, दोन लग्नाची कार्यालयं आणि एक माजी नगरसेवक यांना नोटिसा बजावल्या होत्या. नोटीस घेताना माणसाने चेहरा कसा ठेवायचा, हे कधी नीट पाहून घेतलं नव्हतं.

"कडधान्य," प्रबोधने उत्तर दिलं. आणि वडिलांकडे वळून अत्यंत आदराने म्हणाला, "बाबा, तुम्ही काही बोलू नका. तुम्ही लेखी दिलंय."

पाइप लावून परस धुतलं. फिनेल टाकलं. वास चारच्या सुमाराला गेला, आणि साडेसहाला साहेबीणबाई आल्या तेव्हा दिव्यांच्या माळांखाली केटररच्या बिर्याणीचाच तेवढा वास होता. मिस्टर गोह एक ऑर्किड घेऊन आले. कसला वास होता, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. हा चांगुलपणा निशिकांतरावांना फार लागला.

ते कोपऱ्यातल्या खुर्चीत गप्प बसून राहिले. पनीर रबरासारखं होतं, बिर्याणीत बटाटा जास्त होता, साहेबीणबाई भात काट्याने खात होत्या, आणि प्रबोधने एका पाहुण्याला पुण्याच्या हवेबद्दल साफ चुकीची माहिती दिली. प्रत्येक वेळी निशिकांतरावांचा हात शर्टाच्या गुंडीपर्यंत जाई आणि परत येई. वल्लरी मधूनमधून त्यांच्याकडे पाहत होती. शेवटी तिलाच राहवेना. ती वाटीत शिरा घेऊन त्यांच्याजवळ आली.

"बाबा, पुरे आता. बोला काहीतरी."

निशिकांतरावांनी पाहुण्यांकडे पाहिलं, गोहांकडे पाहिलं, यंत्रामागच्या धुतलेल्या भिंतीकडे पाहिलं, आणि घसा साफ केला.

"ते फडकं टाकलं नाहीस ना?" ते हळूच म्हणाले. "दोनदा धुऊन ठेव. उद्या मूग भिजवायचेत."