थेंबांच्या रांगा

मथुराअक्कांनी दार उघडलं आणि शिवानीच्या हातातला लॅपटॉप पाहून त्या स्वतःच बाहेर आल्या. दार मागं ओढून घेतलं.

“आलं का उत्तर?”

“आलं अक्का.”

“यांनी म्हटलं होतं तसंच?”

शिवानी चपला काढू लागली. गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला. तो वळणापाशी पोचेपर्यंत अक्का तिच्याकडं पाहत होत्या.

“डॉक्टर म्हणाले, यांना आता घरीच ठेवा. स्वल्प दिवस राहिलेत. त्यांचंच बरोबर आलं म्हणून सांग. एवढं कर.”

अक्कांच्या यजमानांनी, गिरीराज सरांनी, ऐन तारुण्यात मांडलं होतं की, पॉलिमरचे इवलेसे थेंब गुळगुळीत पृष्ठभागावर सोडले तर ते आपले आपण रांगा धरतात आणि तसेच टिकतात. तेव्हाच्या संगणकावर त्यांनी ते दाखवूनही दिलं होतं. पुढचं सगळं आयुष्य त्यावरच उभं राहिलं. शिवानी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. तिनं तेच गणित आताच्या संगणकावर, कितीतरी मोठ्या पृष्ठभागावर चालवलं. रांगा झाल्या. मग लहान थेंब मोठ्यांत विरत गेले आणि शेवटी एकच उरला. पुन्हा पुन्हा चालवूनही तेच.

आत सर उशांना टेकून बसले होते. अक्का दारातून हलेनात.

“कॉफी टाक ना हिला,” सर म्हणाले.

अक्का आत गेल्या. शिवानीनं चित्रफीत सुरू केली आणि रांगा जुळताच थांबवली.

“झालं सर. तुम्ही म्हणाला होता तसंच.”

“पुढं जाऊ दे की.”

तिचं बोट जागचं हललं नाही. सरांनीच हात पुढं करून कळ दाबली. रांगा विस्कटल्या. ते पापणी न लववता शेवटापर्यंत पाहत राहिले.

“माझी पृष्ठभागाची चौकट लहान होती,” ते म्हणाले. “तीत थेंब अडकून पडले होते गं. मला वाटलं, टिकले.”

“सर, मी...”

“छाप हे. माझं चुकलं असं स्वच्छ लिही.” त्यांनी स्वयंपाकघराकडं कान दिला. आवाज उतरवला. “मथुराला मात्र कळू देऊ नको. बेळगावची शाळा सोडून आली ती. मुख्याध्यापिका व्हायची होती. मीच म्हणालो होतो, हे काम मोठं आहे, चल.”

कपांचा आवाज जवळ आला.

“ऐकलंस का?” सर मोठ्यानं म्हणाले. “माझंच खरं निघालं!”

“मला ठाऊकच होतं,” अक्का म्हणाल्या. कॉफी देता देता त्यांनी शिवानीचा खांदा घट्ट दाबला. हात तिथंच राहिला.

“साखर बेताची आहे ना गं?”

कॉफीत साखर पडलीच नव्हती.

“सरी आहे, अक्का, अगदी बेताची,” शिवानी म्हणाली, आणि पीत राहिली.