तो तासभर मी वाजत होते

मी शिट्टी बोलतेय. स्टीलची, पोटात बुचाची गोळी असलेली. अकरा वर्षं मी शाळेतल्या खेळाच्या बाईंच्या गळ्यात होते. मैदानात मी एकदा वाजले की दोनशे पोरं जागच्या जागी थांबत. माझं न ऐकणारा माणूस जगात असेल, असं मला वाटलंच नव्हतं.

त्या रविवारी बाई धाकट्या भावाला घेऊन डोंगरावरची दगडी कमान बघायला निघाल्या. भाऊ चष्म्याच्या दुकानात कामाला, त्यात दम्याचा.

"ताई, मला नाही झेपणार गं."

"बसून बसून गंज चढलाय तुला. चल!"

कमान हाकेच्या अंतरावर आली आणि धुकं उतरलं. ओल्या गवतावरून बाईंचा पाय सटकला. त्या खाली घरंगळत गेल्या, मागोमाग एक धोंडा आला आणि त्यांच्या पायावर बसला.

भाऊ कसाबसा खाली उतरला. धोंडा हलेना. फोनला रेंज नाही. बाईंच्या बरगड्यांना मार बसलेला, फुंकर निघेना. त्यांनी मला गळ्यातून काढून त्याच्या हातात दिलं.

"तू वाजव."

"ताई, मलाच श्वास..."

"वाजव रे राजा."

तो वाजवू लागला. तीन शिट्ट्या, दम्याच्या पंपाचा एक झुरका, पुन्हा तीन शिट्ट्या. त्याचे ओठ निळे पडले. माझी गोळी ओली होऊन अडखळू लागली.

मग वरच्या वाटेवरून हसणं ऐकू आलं. कुणीतरी तोंडानं शिट्टी घातली, अगदी आमच्याच तालात! भावानं हाक मारायला तोंड उघडलं, पण दम्यानं नुसती घरघर बाहेर पडली.

"पोरं खेळतायत वाटतं," वरून कुणी म्हणालं. हसणं लांब गेलं.

बाईंनी डोळे मिटले. भाऊ रडत रडत मला फुंकत राहिला.

शेवटी गवत कापणाऱ्या दोघी जावा धावत आल्या. थोरली म्हणत होती, "म्हटलं नव्हतं, हा खेळ नाही म्हणून?" त्यांनी जाड फांदीनं धोंडा उचकटला.

बाई वाचल्या. पाय गेला. डॉक्टर म्हणाले, "तासभर आधी आणलं असतं तर..."

तो तासभर मी वाजतच होते हो!

आता मी दवाखान्यातल्या कपाटात आहे. गोळी चिकटलीय, आवाज फुटत नाही. बाई भिंतीकडे तोंड करून असतात. भाऊ उशाशी बसून एकच म्हणतो, "मी अजून जोरात वाजवायला हवी होती."

त्याला कुणीतरी सांगा, त्यानं काही कमी केलं नाही. आणि डोंगरात माझ्यासारखीचा आवाज आला, तर उलट शिट्टी घालू नका. आधी जाऊन बघा.