लाल टोपीतला काळा डबा

त्या दिवशी आकाश लख्ख, वारा पडलेला आणि थंडी अशी की पारा शून्याखाली वीसवर. गोठलेलं तळं मधूनच कडाड् वाजायचं. माझ्या अंगात नुसता उत्साह! मी बर्फगाडीचा काळा डबा बोलतोय. इंजिनात ठिणगी पाडतो तो मी. साबणाच्या वडीएवढा आहे, पण मी नसलो तर अख्खी गाडी म्हणजे नुसतं लोखंड.

बाहत्तर सालच्या हिवाळ्यात शर्यतीसाठी आम्ही अकराच भाऊ घडलो. करामत कुणी चोरू नये म्हणून पोटात राळ ओतून आम्हाला बंद केलं. शाळा-बिळा मी पाहिली नाही, पळणं तेवढं शिकलो. माझा मालक वाल्फ्रेड लाहती, त्याच्यासाठी दोन शर्यती जिंकलो आणि मग तीस वर्षं त्याच्या कोठारात पडून राहिलो.

पुढे जुन्या गाड्यांच्या शर्यती सुरू झाल्या. डबाही जुनाच हवा, असा नियम. वाल्फ्रेडनं मला पुसलं, गाडीत बसवलं. "म्हातारा झालाय, थंडी बाधेल," म्हणाला. त्याच्या बायकोनं, हिल्मानं, माझ्यासाठी लाल लोकरीची टोपी विणली.

तिसऱ्या फेरीला मी बंद! घरी नेऊन पाहतात तोवर मी गार होऊन ठणठणीत. पुढच्या वर्षी टोपी दुहेरी विणीची, त्याच्या पुढच्या वर्षी अस्तर लावलेली. माणसाला थंडी वाजली की त्याला वाटतं, जगाला वाजते. अहो, मला ऊब बाधते! पण सांगू कसं? ठिणगीशिवाय मला भाषा नाही.

"आज बंद पडला, तर गाडी विकतो," त्या सकाळी वाल्फ्रेड म्हणाला. गिऱ्हाईक ट्रेलर घेऊन हजरच होतं.

पहिल्या शर्यतीत तिसऱ्या फेरीला मी गचकलोच. पण चारातल्या निम्म्या फेऱ्या पुऱ्या झालेल्या, म्हणून नियमानं शेवटच्या शर्यतीत कशीबशी जागा मिळाली; गाडी विकायची की नाही, ते आता तिच्यावर ठरणार होतं.

"काय लाहती, पोरगं पुन्हा झोपलं?" शेजारी राहणारा ऑरविल हसत आला. त्यानं मला हात लावला आणि चटकन मागे घेतला. "अरे, ही तर भट्टी झालीय! काढ ती टोपी!"

"हिल्मानं विणलीय रे."

"मग तूच घाल!" ऑरविलनं ती ओढून काढून खिशात कोंबली.

गार वारा पाठीला लागला, अहाहा! निशाण पडलं. एक फेरी, दोन. तिसरीला वाल्फ्रेडनं श्वास रोखला. मी ठिणगीमागून ठिणगी पाडत सुटलो! चौथी, पाचवी, सहावी! आम्ही चौथे आलो, पण वाल्फ्रेडनं दोन्ही हात असे वर केले, जणू पहिलाच आलाय. गिऱ्हाईक रिकामा ट्रेलर घेऊन गेलं.

आता मी उघडाच असतो. मायेनं काही पांघरायचं झालं, तर आधी हात लावून बघत जा, एवढंच मागणं.

त्या दिवशी शर्यत संपली तेव्हा हिल्मा कॉफीचा थर्मास घेऊन येत होती. तिला पाहून ऑरविलनं वाल्फ्रेडच्या हातात हळूच टोपी दिली आणि म्हणाला, "हिल्माला सांग, पुढची तुझ्या टकलाच्या मापाची विणायला."