मांजरांच्या खोलीतला आजोबा

गुडघ्याचं ऑपरेशन मी दोनदा पुढे ढकललं, कारण कुत्र्याला कुठे ठेवायचं तेच ठरत नव्हतं.

घरात आम्ही तिघंच. मी, आमचा म्हातारा कुत्रा आजोबा आणि मांजर. आजोबाला आता दिसत नाही, ऐकूही बेताचंच येतं. बशीजवळ मांजर येऊन बसल्याशिवाय तो खात नाही. ती काही करत नाही, नुसती बसून देखरेख ठेवते, म्हणून ती मुकादमीण. मागे ती दोन दिवस गायब होती, तर याने पाण्यालाही तोंड लावलं नाही.

"वहिनी, गुडघा तुझा आहे की त्याचा?" गाडी चालवता चालवता नणंद म्हणाली. ऑपरेशननंतर मी तिच्याकडेच राहणार होते. पण जनावरांच्या केसांनी तिच्या लेकीला दमा होतो, म्हणून बिचारी सकाळपासून मला आणि मागच्या सीटवरच्या या दोघांना घेऊन, जनावरं ठेवून घेणारी ठिकाणं बघत फिरत होती.

पहिल्या ठिकाणी काचेचं दार आणि अत्तराचा असा भपकारा की मलाच शिंका आल्या. "आत नाही जाता येणार मॅडम, बाळं झोपलीत," टेबलामागची मुलगी म्हणाली. आतून एक बाळ दार खरवडत होतं. आम्ही निघालो.

दुसरीकडे सगळं उघडंच होतं, दुर्दैवाने. पाण्याच्या भांड्यांना शेवाळ, भुंकून घसे बसलेली कुत्री. "दोन दिवसांत सवय होते," मालक म्हणाला. कशाची, ते मी विचारलं नाही.

तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत माझ्या अंगात त्राण उरलं नव्हतं. तिथली बाई बाह्या सारून चादरी पिळत होती. "बघून या आत, मी आलेच." फरशी ओली, पण वास नाही. ती आली तशी कुत्री शेपट्या हलवत जाळीशी धावली. मला तिथेच बसकण मारावीशी वाटली.

"कुत्री इकडे, मांजरं भिंतीपलीकडे," ती म्हणाली. "एकत्र नाही ठेवत."

मी मुकादमिणीचं सगळं सांगितलं.

"तिला या गोंगाटात आणलं तर तीच जेवायची नाही. मग दोघंही उपाशी."

खरंच होतं. मांजराचा विचार मी केलाच नव्हता.

"मग यालाच ठेवा मांजरांत," मी म्हटलं. दमलेलं माणूस काहीही बोलतं.

"अगं वहिनी!" नणंद म्हणाली.

बाईने हात पुसले. "भुंकतो का?"

"विसरलाय."

"आणा बघू."

आजोबा मांजरांच्या खोलीत शिरला तशा सगळ्या शेपट्या फुगल्या. एक बोका फळीवर चढून फिस्कारला. आजोबाला पत्ताच नाही. तो स्टुलाच्या पायावर आपटला, स्वतःभोवती गोल फिरला आणि आडवा झाला. मुकादमीण टोपलीतून उतरली, शेजारी बसली. बाईने बशी ठेवली.

तो खाऊ लागला. फळीवरचा बोका जरा वेळाने अंग चाटायला लागला.

"एकही मांजर जेवेनासं झालं तर मी फोन करीन, आणि याला लगेच न्यायचं."

मी नणंदेकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" ती वैतागली. मग बाईला म्हणाली, "घ्या, माझा नंबर घ्या. वेळ आलीच तर गच्चीवरची खोली आहे आमची."

बाहेर येऊन मी दवाखान्यात फोन लावला, तारीख घेतली. आता पुढे ढकलायला काही कारणच उरलं नाही, आणि तेव्हा कुठे मला ऑपरेशनची भीती वाटली.